नातीसाठी पहिले धनुष्य घ्यायचे आहे : कोणते, किती पौंडांचे आणि चालवायचे कोठे?

पर्वतीचा_पायथा

नमस्कार मंडळी. मी निवृत्त अभियंता असून पुण्यात सहकारनगरला राहतो. माझी नात दहा वर्षांची आहे, उंची १३५ सेंटिमीटर, अंगाने किरकोळ. वाकडला बाराव्या मजल्यावर वाढलेल्या या मुलीला मोकळ्या रानाची सवय अजिबात नाही. भोरजवळच्या आमच्या शेतावर आली की तिचा पहिला तास किडे-मुंग्या चुकवण्यातच जातो. मात्र साताऱ्याच्या अदिती स्वामीने २०२३ मध्ये बर्लिनला, वयाच्या सतराव्या वर्षी, जागतिक अजिंक्यपद मिळवले त्याची चित्रफीत तिने पाहिली आणि तेव्हापासून ‘आजोबा, मला धनुष्य हवे’ असा धोशा लावला आहे. घराबाहेर पडण्याचे कारण मुलीने स्वतःहून शोधले असताना ते माझ्या अज्ञानामुळे वाया जाऊ नये, एवढीच इच्छा आहे.

गेल्या आठवड्यात एका क्रीडासाहित्याच्या दुकानात चौकशी केली. विक्रेत्याने फक्त वय विचारले आणि ३० पौंडांचे धनुष्य पुढे ठेवले. ‘मोठी झाली तरी हेच चालेल’, असे त्याचे म्हणणे. मी काही न घेता परत आलो. आता प्रश्न असे आहेत की धनुष्य बांबूचे घ्यावे, रिकर्व्ह (टोके पुढे वळलेले) घ्यावे की अदिती वापरते तसे कंपाउंड (टोकांना चाके असलेले). पौंड किती असावेत. आणि शेतावर सराव करण्यात काही अडचण येते का. खर्चाची फार चिंता नाही. चार रविवारांत ती खांदा धरून बसू नये, याची आहे.

रिकर्व्ही

काका, ते धनुष्य घेतले नाहीत हे फार बरे झाले.

धनुष्यावर छापलेले पौंड म्हणजे दोरी ठरावीक अंतरापर्यंत ओढून धरायला लागणारा जोर, आणि ते अंतर प्रौढ माणसाच्या मानाने २८ इंच धरलेले असते. तुमची नात २८ इंच ओढणारच नाही. तिला भिंतीला पाठ लावून दोन्ही हात आडवे पसरायला सांगा, एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंत अंतर मोजा आणि त्याला अडीचने भागा. हे अंतर साधारण उंचीएवढेच भरते, म्हणजे तिच्या बाबतीत ५३ इंचांच्या आसपास, आणि भागाकार येतो २१. ही तिची ओढ. हलक्या धनुष्यात ओढ इंचभर कमी झाली की जोर सुमारे एका पौंडाने उतरतो, जड धनुष्यात तो दोन पौंडांपर्यंतही उतरतो. त्यामुळे १८ पौंडांचा शिक्का असलेले धनुष्य तिच्या हातात ११-१२ पौंडांचे, म्हणजे पाच-साडेपाच किलोंचे होईल. तिच्या अंगकाठीला प्रत्यक्ष हातात येणारे १० ते १४ पौंड पुरेसे आहेत आणि मी स्वतः बारावर थांबेन. मुलांच्या काही धनुष्यांवर मात्र कमी ओढीला मोजलेला आकडा छापलेला असतो, म्हणून ‘किती इंचांवर?’ हे विक्रेत्याला विचारायचेच. त्याचे उत्तर गुळमुळीत वाटले तर प्रवासाची बॅग तोलायचा हुकाचा काटा खिशात असू द्या. हूक दोरीच्या मध्यात अडकवून २१ इंचांपर्यंत ओढा आणि आकडा वाचा. तुम्ही अभियंता आहात, तुम्हाला हे आवडेल.

तरीही शेवटचा निर्णय काट्यावर सोडू नका, मुलीकडे पाहून घ्या. तिला दोरी हनुवटीखाली आणून दहा अंक मोजेपर्यंत धरायला सांगा आणि मग तितक्याच सावकाश परत सोडायला लावा. बाण नसताना दोरी सटकन सोडायची नाही, कारण एरवी बाणाबरोबर निघून जाणारा सगळा जोर धनुष्यातच जिरतो आणि पाती, म्हणजे त्याचे वरखालचे वाकणारे भाग, तडकतात. हे दुकानातच तिला आणि स्वतःलाही बजावून ठेवा. धरून ठेवताना पुढचा हात थरथरू लागला, खांदा कानाकडे चढला, ती कमरेतून मागे झुकली किंवा ओढण्याआधी धनुष्य आभाळाकडे उचलू लागली, तर यांतले एकही लक्षण पुरे आहे. ते धनुष्य तिला जड आहे. थोडे थांबून असेच तीन-चारदा करायला लावा, कारण पहिल्यांदा मूल हट्टाने ओढते आणि खरी गोष्ट तिसऱ्या वेळी कळते.

याबरोबर डोळाही तपासा. दोन्ही हात पुढे ताणून तळव्यांच्या मध्ये लहानशी त्रिकोणी फट करायची, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून लांबचा विजेचा दिवा पाहायचा आणि मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला दिवा फटीत दिसत राहतो तो प्रबळ डोळा. तो उजवा असेल तर उजव्या हाताचे धनुष्य, म्हणजे डाव्या हातात धरून उजव्या हाताने ओढायचे. लिहिण्याचा हात आणि डोळा जुळत नसतील तर प्रशिक्षकांमध्ये मतभेद आहेत. दहाव्या वर्षी कोणतीच सवय पक्की झालेली नसल्यामुळे मी डोळ्याचे ऐकतो.

प्रकाराविषयी म्हणाल तर सुटे होणारे रिकर्व्ह घ्या, लांबी ५४ ते ५८ इंच. मधली मूठ, जिला आम्ही रायझर म्हणतो, ती वेगळी आणि वरखालची पाती वेगळी असतात.

गणितमास्तर

रिकर्व्ही यांचे गणित पटले, पण व्यवहार पटला नाही. आपल्याकडे मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे घेण्याची रीत आहे आणि त्यात शहाणपण आहे. १८ पौंडांचे धनुष्य दोन वर्षांत हलके पडणार असेल, तर २४ किंवा २६चे घेऊन तिला हळूहळू त्याच्या जोगते का होऊ देऊ नये? थोडे कष्ट पडले तर ताकदही वाढेल.

रिकर्व्ही

मास्तर, मोठा सदरा बाह्या दुमडून घालता येतो, पण जड धनुष्याच्या बाह्या दुमडता येत नाहीत. जोर पुरत नसला की मूल दोरी हनुवटीपर्यंत आणतच नाही, छातीसमोरच सोडते. प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणाहून सोडलेला बाण प्रत्येक वेळी वेगळीकडे जातो, त्यामुळे आपले काय चुकले हे त्याला कधीच उमगत नाही. पाठीच्या स्नायूंनी ओढायचे सोडून ते दंडाने आणि मनगटाने ओढू लागते, आणि एकदा अंगात बसलेली ही लकब पुढे मोडणे अत्यंत जिकिरीचे असते. शिवाय वाढत्या वयात खांद्याच्या हाडांची टोके कोवळी असतात. तेथे वारंवार ताण देऊन ताकद कमवण्याची कल्पना मला धोक्याची वाटते.

तुमच्या पैशांच्या मुद्द्याचे उत्तर सुट्या पात्यांत आहे. मूठ तीच ठेवायची आणि वर्षा-दीड वर्षाने दोन ते चार पौंड जास्तीची पाती बसवायची. जुनी पाती क्लबमधल्या दुसऱ्या मुलाला सहज विकली जातात.

वेळूबन

एक बाजू बांबूची. आपल्याकडे शालेय स्पर्धांमध्ये ‘इंडियन राऊंड’ हा स्वतंत्र गट असतो आणि त्यात बांबूचे किंवा लाकडाचे, कोणतेही नेमयंत्र न लावलेले साधे धनुष्य वापरतात. दीपिका कुमारीसह आपल्या कितीतरी नामवंतांनी आरंभ बांबूवरच केला. किंमत रिकर्व्हच्या मानाने बरीच कमी, वजनाला हलके, आणि जोडण्या-सोडण्याचे सुटे भाग नसल्यामुळे मूल पहिल्या दिवशी स्क्रूमध्ये रमण्याऐवजी बाणाकडे पाहते. हा फायदा लहान मानू नका.

उणिवाही सांगतो. एकाच कारागिराच्या दोन बांबूंच्या जोरात फरक असतो, त्यामुळे रिकर्व्ही यांनी सांगितलेला हुकाचा काटा येथे अधिकच लागेल. अनेक धनुष्यांना बाण टेकवायची पट्टी नसते आणि बाण थेट मुठीवरून जातो. पिसाच्या देठाचे पुढचे टोक नीट घासलेले नसेल तर ते तर्जनीच्या पेरावर बारीक चिरा पाडते. तेथे चिकटपट्टी गुंडाळा किंवा पातळ हातमोजा द्या. पावसाळ्यात भोरची हवा तुम्हाला ठाऊकच आहे. दोरी चढवलेल्या अवस्थेत बांबू ओलसर खोलीत पडून राहिला तर तो तसाच वाकतो आणि जोर घालवून बसतो. शेतावरच्या खोलीत धनुष्य कायमचे ठेवणार असाल तर मी तुम्हाला बांबूचा आग्रह करणार नाही.

सुमेधा_औंध

माझा नातू दोन वर्षे तिरंदाजी करतो आहे, म्हणून दोन शब्द लिहिते. नातीने अदितीला पाहिले आहे, तेव्हा ती दुकानात कंपाउंडकडेच बोट दाखवणार, याची तयारी ठेवा. त्याच स्पर्धेत पुरुषांचे विजेतेपद मिळवणारे नागपूरचे ओजस देवतळेही कंपाउंडचेच, आणि २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा प्रथमच होणार आहे, त्यामुळे मुलांमध्ये त्याचे आकर्षण वाढले आहे. कंपाउंडच्या टोकांना चाके असतात आणि पूर्ण ओढल्यावर हातावरचा भार एकदम खूप उतरतो. म्हणूनच ते प्रत्येकाच्या ओढीला जुळवून घ्यावे लागते, आणि मूल वाढत असताना ते पुन्हा पुन्हा जुळवायला जाणकार माणूस व साधने जवळ लागतात. आजोबांनी घरच्या पान्याने करून पाहण्याचे हे काम नव्हे.

याला एक अपवाद आहे. अमेरिकेत २००२ मध्ये केंटकी राज्यातून शाळांसाठी तिरंदाजीचा जो कार्यक्रम सुरू झाला, त्यात जेनेसिस नावाचे एक कंपाउंड वापरतात. त्यात भार उतरण्याची व्यवस्था मुद्दाम ठेवलेली नाही. त्यामुळे १५ ते ३० इंच ओढीपर्यंत कोणीही ते जुळवून न घेता वापरू शकतो आणि जोर १० ते २० पौंडांच्या दरम्यान कमी-जास्त करता येतो. आजोबा, नात आणि तिची आई असे तिघे एकच धनुष्य वापरणार असतील तर विचार करण्याजोगे आहे. मात्र ते हातात जड वाटते. नातवाच्या क्लबमध्ये किरकोळ मुलांचे डावे मनगट लवकर थकताना मी पाहते.

आता खरेदीत हमखास राहून जाणाऱ्या वस्तू. धनुष्याच्या हातासाठी आर्मगार्ड आणि ओढणाऱ्या बोटांसाठी चामड्याची टॅब, या दोन्ही पहिल्या बाणाच्या आधी हव्यात. कोपर थोडे आत वळलेले असले की सुटलेली दोरी हाताच्या आतल्या बाजूवर फटकारते आणि तेथे लालसर-निळा वळ उठतो. एकदा हा फटका बसला की मूल पुढचे अनेक बाण डोळे मिटून सोडते. मुलीच्या बाबतीत केस घट्ट बांधा, कानांतले लोंबते काढा, सैल बाह्यांचा कुडता नको, आणि गळ्यात काही असेल तर ते आत खोचा.

रानपिंगळा

मी वनखात्यात नोकरी केली आहे, त्यामुळे जागेबद्दल लिहितो, कारण या विषयात धनुष्यापेक्षा जागा चुकणे अधिक महाग पडते.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येतच धनुष्यबाणाचा समावेश आहे, आणि याच कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन प्रवेश करता येत नाही. पुणे जिल्ह्यात भीमाशंकर आणि सुप्याजवळचे मयूरेश्वर ही अभयारण्ये आहेत, आणि मुळशीकडून कोकणात उतरताना ताम्हिणीचेही लागते. ‘नातीला निसर्ग दाखवू आणि जाता जाता धनुष्यही चालवू’ असा बेत या वाटेवर करू नका. गाडीच्या डिकीत पडलेले मुलाचे धनुष्यही नाक्यावर प्रश्न उभे करू शकते. आपल्या स्वतःच्या शेतावरही मोर, ससा किंवा रानडुक्कर यांच्यावर नेम धरायचा नाही, गमतीनेसुद्धा नाही. बाणांना गोल, बोथट निमुळती टोके असावीत. पात्यासारखी धारदार टोके विकत मिळत असली तरी घरात आणू नयेत.

वेताळ टेकडी, तळजाई, हनुमान टेकडी येथे पहाटेपासून फिरणाऱ्यांची वर्दळ असते आणि झुडपाआड कोण बसले आहे ते दिसत नाही, तेव्हा तेथे बाण सोडणे हा विषयच नको.

भोरचे शेत चांगले, पण बाण ज्या दिशेने जाणार ती बाजू आधी पायी फिरून या. लक्ष्याच्या मागे माणसापेक्षा उंच मातीचा बांध किंवा टेकाडाचा उतार हवा. बारा पौंडांचे धनुष्यसुद्धा वर रोखून सोडले तर बाण पन्नास मीटरांपलीकडे पडतो. मागून गुराख्यांची पायवाट जात असेल तर दिशाच बदला. शेजाऱ्यांना आणि वाटेकऱ्याला सरावाची वेळ सांगून ठेवा, आणि कुत्री बांधून ठेवा, कारण ती बाणामागे धावतात.

गणितमास्तर

आणि इमारतीची गच्ची? कठडा चांगला पाच फुटांचा असेल तर?

रानपिंगळा

नाही. कठडा कितीही उंच असला तरी एक बाण हुकला की खाली काय आहे याचा हिशेब तुमच्या हातात राहत नाही. वाहनतळातही नाही.

पर्वतीचा_पायथा

सर्वांचा अत्यंत आभारी आहे. काल रात्री नातीचे हात भिंतीवर मोजले, अंतर ५२ इंच भरले. डोळा उजवा निघाला. शेताच्या पूर्वेला ओढ्याचा उंच काठ आहे आणि त्यापलीकडे वाट नाही, त्यामुळे जागा ठरली. रिकर्व्ह घ्यावे असे मनात पक्के होत आहे. आता बाणांविषयी सांगाल का? दुकानात कार्बनचे, अॅल्युमिनियमचे आणि फायबरग्लासचे असे तीन प्रकार दाखवले, आणि विक्रेता ते तिच्या मापाने कापून देण्यास तयार होता. लक्ष्यही विकत घ्यावे की करून घ्यावे?

रिकर्व्ही

मापाने कापून अजिबात घेऊ नका. सुरुवातीला ओढ दर महिन्याला बदलते, आणि ओढीपेक्षा आखूड झालेला बाण टेकणीवरून मागे घसरून मुठीवर पडतो. त्या क्षणी दोरी सुटली तर तो थेट हातात घुसतो. तिची ओढ २१ इंच असेल तर बाण २३-२४ इंचांचा हवा, आणि २६चा असला तरी काही बिघडत नाही.

दुसरी बाब बाणाच्या लवचीकपणाची, जिला स्पाइन म्हणतात. बाण २८ इंच अंतरावरच्या दोन आधारांवर ठेवून मध्ये ८८० ग्रॅम वजन टांगले की तो जितका लवतो, ते इंचाच्या हजाराव्या भागांत मोजून हा आकडा काढतात. म्हणजे १०००चा बाण बरोबर एक इंच लवतो, आणि आकडा जितका मोठा तितका बाण लवचीक. हलक्या धनुष्याला लवचीक बाण लागतो. १०००च्या खालचा ताठ बाण बारा पौंडांवर नीट वाकत नाही आणि उजव्या हाताच्या तिरंदाजाचा बाण सारखा डावीकडे जातो. मूल समजते की आपलाच नेम चुकतो आहे. मोठ्यांचे उरलेले ५००चे बाण ‘फुकट घ्या’ म्हणून कोणी दिले तर गोड बोलून परत करा.

तिन्हींपैकी मी अॅल्युमिनियम निवडेन. वाकला तर सपाट टेबलावर लोळवून लगेच दिसतो. फायबरग्लास दणकट आणि स्वस्त असतो, पण जड असल्यामुळे दहा मीटरांतच खाली झुकतो. कार्बन सरळ आणि हलका असतो, पण त्याला बारीक चीर गेली तर ती दिसत नाही आणि सोडताना तो हाताजवळच फुटू शकतो. वापरलाच तर प्रत्येक फेरीआधी दोन्ही टोके धरून हलकासा वाकवायचा, करकर ऐकू आली की मोडून टाकायचा. मोडायचा अशासाठी की नुसता बाजूला ठेवलेला बाण कोणीतरी पुन्हा भात्यात घालतोच.

वेळूबन

लक्ष्याला पैसे घालवू नका, तुम्ही भाताच्या मुलखात आहात. सुगीनंतर पेंढा घ्या, ओला नसलेला, आणि त्याच्या पेंड्या एकावर एक आडव्या रचून वरून-खालून दोन फळ्यांमध्ये दोरांनी शक्य तितक्या आवळा. बोट आत गेले तर बाण पार होणार असे समजा, आणि पुन्हा आवळा. पाऊस सुरू झाला की ताडपत्री. कुजलेला पेंढा बाण धरत नाही आणि उंदरांना घर मिळते ते वेगळेच. त्यावर १२२ सेंटिमीटर व्यासाचा छापील कागद लावा. ऑलिम्पिकमध्ये तो ७० मीटरांवर असतो, तुम्ही तो सात मीटरांवर लावा. पहिल्या दिवशी सगळे बाण कागदात लागले पाहिजेत.

बाण उपसताना ती लक्ष्याच्या बाजूला उभी राहील, मागे कोणी नसेल, एक हात पेंढ्यावर दाबून दुसऱ्याने बाण सरळ ओढेल. मुले झटका देऊन ओढतात आणि नॉकचे, म्हणजे दोरीत अडकणाऱ्या मागच्या खाचेचे, टोक मागच्याच्या तोंडावर येते.

सुमेधा_औंध

सात मीटरांचे मनापासून समर्थन करते. पहिल्या महिन्यात गुण लिहूच नका, कागदाऐवजी फुगे लावले तरी चालतील. आणि ‘अजून सहा बाण’ असे ती म्हणेल तेव्हाच आवरते घ्या. थकल्यावर मारलेले बाण काही शिकवत नाहीत, आणि पुढच्या रविवारी भोरला यायचे की नाही हे त्यांच्यावर ठरते.

धनुष्य विकत घेण्याआधी एखाद्या क्लबमध्ये महिनाभर त्यांच्या धनुष्यावर शिकू द्या, असेही सुचवेन. मुंढव्याला लष्कराची क्रीडा संस्था आहे, पण ती निवडक खेळाडूंसाठी आहे; आपल्यासारख्यांना पुण्यातले नवशिक्यांचे वर्ग पुरतात. वर्ग निवडताना फक्त एक पाहा, की सगळ्यांचे बाण मारून होईपर्यंत कोणी रेषेपुढे जाते का. जात असेल तर प्रशिक्षक कितीही पदकविजेता असला तरी दुसरा वर्ग शोधा.

पर्वतीचा_पायथा

पटले. आधी क्लब, मग खरेदी, असेच करतो. एकच शेवटचा प्रश्न : दर शनिवारी दुपारी निघून रविवारी रात्री परत, तेवढा वेळ धनुष्य दोरीसकट गाडीत राहिले तर चालेल का?

रिकर्व्ही

चालणार नाही. पुण्यात चैत्र-वैशाखात बंद गाडीत इतके तापते की पात्यांचे थर चिकटवणारा डिंक सैल पडतो आणि एके दिवशी ओढताना पाते सोलून निघते. सराव संपला की दोरी उतरवा, पाती सुटी करा, आणि पिशवी तुमच्याबरोबर घरात न्या. दोरी चढवताना-उतरवताना स्ट्रिंगर नावाची साधी दोरी मिळते ती वापरा. धनुष्य पायात अडकवून मांडीवर वाकवण्याची पद्धत पुष्कळ जण दाखवतील, पण तिने पाती पिळवटतात. दोरीला महिन्यातून एकदा, पावसाळ्यात त्याहून वारंवार, मेण चोळून बोटांनी जिरवा. तिचा एक जरी धागा तुटलेला दिसला तर त्याच दिवशी बदला. पिशवीत दुसरी दोरी ठेवूनच भोरला निघा, कारण तेथे ती मिळायची नाही.